नको म्हणायची सोय: जबरदस्तीचा गर्भपात आणि अखेरचे दिवस यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोण लिहितंय आणि कशासाठी?

मी बीड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांत ३१ वर्षं परिचारिका होते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, शेवटची काही वर्षं बाळंतपणाचा वॉर्ड. निवृत्तीनंतर आम्ही चौघीजणी गावोगाव बायकांच्या बैठका घेतो. बैठकीत मोठ्यानं विचारले जाणारे प्रश्न रक्तवाढीच्या गोळ्यांचे आणि लसीकरणाचे असतात. खरे प्रश्न बैठक संपल्यावर येतात, चपला घालताना, "सिस्टर, जरा इकडं या" म्हणून. तेच इथे लिहून काढले आहेत. नावं, गावं कुठेही दिलेली नाहीत.

तुम्ही गर्भपाताच्या विरोधात आहात का? सरळ सांगा.

हो. पोटातला जीव मला पहिल्यापासून जीवच वाटतो. तीस वर्षं बाळाचे ठोके ऐकले, तेव्हा मनाचं हे मत लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण दोन गोष्टी त्याच दमात सांगायला हव्यात. आईचा जीव धोक्यात असेल, नळीत गर्भ राहिला असेल, रक्तस्राव थांबत नसेल, तर एक मिनिट दवडू नका, दवाखाना गाठा. त्याला आमचा विरोध कधीच नव्हता. दुसरं, या देशाचा कायदा निर्णय बाईच्या हातात देतो. मी तिच्यावर माझं मत लादलं तर तिला ढकलणाऱ्या हातांत आणखी एका हाताची भर पडते. गर्भपात करून आलेल्या कुठल्याही बाईला आम्ही वाईट बोलत नाही आणि तिची बातमी कुणाला देत नाही.

पोटातलं लेकरू आणि मरणाला टेकलेलं माणूस, हे दोन विषय एकत्र कशाला?

कारण दोन्हींचा निर्णय एकाच ओसरीवर होतो. बसणारी माणसं तीच, बोलणंही तेच. "खर्च किती येईल", "आता ठेवून काय उपयोग", आणि शेवटी "तिचीच इच्छा आहे."

या शेवटच्या वाक्याला मी भ्यायला शिकले. बाई खाली मान घालून बसलेली असते आणि सासू म्हणते, "तिलाच नको हाय." म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि मुलगा म्हणतो, "अण्णाच म्हणतेत सोडवा म्हणून." ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याच्या तोंडचं वाक्य दुसराच कुणी बोलत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी ते वाक्य त्या माणसाच्या तोंडून ऐका, बाकीच्यांना बाहेर पाठवून ऐका, आणि तसं म्हणण्यावाचून त्याला दुसरा रस्ता शिल्लक होता का तेही बघा.

गर्भपातासाठी सही कुणाची लागते? नवऱ्याची चालते का?

नवऱ्याची चालत नाही आणि लागतही नाही. सासू, सासरे, आई, भाऊ, कुणाचीच नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, पण एक गोष्ट पहिल्यापासून कायम आहे. बाई १८ वर्षांची झालेली असेल तर तिच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येत नाही. संमतीपत्राला फॉर्म सी म्हणतात. त्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. पालकाची लेखी संमती चालते ती फक्त मुलगी १८ च्या आतली असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल तेव्हा.

"ती भोळसट आहे, तिला काय विचारायचं" असंही ऐकावं लागतं. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका मतिमंद मुलीवर अत्याचार झाला, दिवस गेले, आणि प्रशासन गर्भपाताची परवानगी मागायला न्यायालयात गेलं. तिला मात्र बाळ हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तिचं ऐकलं. मतिमंद असणं आणि मनोरुग्ण असणं वेगळं, आणि अशा बाईची संमती डावलता येत नाही, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या बैठकांत ही गोष्ट मी दर वेळी सांगते, कारण तिच्यासारख्या मुली आपल्या गावातही आहेत.

सही माझीच होती. पण माझ्या मनातून नव्हती. मग ती जबरदस्ती म्हणायची का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आहे.

मारहाण करून, कोंडून, घरातून काढून टाकण्याची धमकी देऊन घेतलेली सही ही संमती नव्हे. खोटं सांगून घेतलेलीही नव्हे. "पिशवीला सूज आहे, धुवून घेऊ" म्हणून आणलेल्या आणि आपला गर्भ गेला हे घरी गेल्यावर समजलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. फौजदारी कायदाही असंच मानतो. भीतीपोटी किंवा फसवणुकीतून दिलेली संमती, आणि समोरच्याला ते ठाऊक असलं, तर ती संमती धरली जात नाही.

पण खूपदा कुणी हात उगारलेला नसतो. नवरा आठ दिवस बोललेला नसतो, जेवणाचं ताट सरकवून उठून गेलेला असतो. माहेरी फोन केला तर आई म्हणते, "तुझ्या घरच्यांचं ऐक बाई, आम्ही कुठं पुरे पडू." मग ती येते आणि सही करते. कोर्टात याला जबरदस्ती म्हणून सिद्ध करणं अवघड आहे, हे मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही मला विचारत असाल, तर हो, त्या सहीत तुमचं मन नव्हतं आणि ते तुमच्या आजूबाजूच्या प्रत्येकाला माहीत होतं.

डॉक्टर आणि सिस्टर मंडळींनी हे वाचलं तर एक विनंती. सहीच्या आधी सगळ्यांना बाहेर पाठवा. दार लावा, स्टुलावर बसा, आणि "तुला काय पाहिजे?" असं विचारून गप्प राहा. मी हे नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत केलं नाही. गर्दी असायची, रजिस्टर भरायचं असायचं. त्या दहा वर्षांतले काही चेहरे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मला उद्या दवाखान्यात नेणार आहेत. मी आत्ता काय करू?

सही करू नका, अंगठा देऊ नका. दवाखान्यात जी पहिली सिस्टर भेटेल तिला मोठ्यानं सांगा, "मला हे नको आहे, मला आणलंय." चार माणसांत सांगा. एवढं ऐकल्यावर पुढे जाणारा डॉक्टर स्वतः गुन्ह्यात अडकतो आणि हे त्याला माहीत असतं.

त्याआधी फोन करता आला तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जिवाला धोका असेल तर ११२. गावातली आशाताई किंवा अंगणवाडीताई विश्वासाची असेल तर तिला निरोप द्या. घराबाहेर काढतील ही भीती असेल तर लक्षात ठेवा, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार सासरच्या घरात राहण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते.

आणि एक रात्र काढण्यापुरतं घर शोधून ठेवा. मावशीचं, मैत्रिणीचं, कुणाचंही. फार वेळा त्या एका रात्रीवर सगळं ठरतं.

मला न सांगता दुधातून, जेवणातून गोळ्या दिल्या असतील तर?

तो गंभीर गुन्हा आहे. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवून आणला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ प्रमाणे जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ च्या आधी घडलं असेल तर जुन्या दंडविधानाचं कलम ३१३, शिक्षा तेवढीच. नवऱ्यानं केलं म्हणून सूट नाही.

पण तक्रारीआधी तब्येत. या गोळ्या कायद्यानं ९ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. अंगावरून खूप जात असेल, चक्कर येत असेल, ताप असेल तर लगेच सरकारी दवाखाना, १०८ ला फोन. तिथे काय घडलं ते खरं सांगा आणि केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, गोळ्यांचं रिकामं पाकीट, सगळं जपून ठेवा.

मुलगीच आहे म्हणून पाडायला लावलं. तक्रार केली तर मीच अडकेन का?

नाही. फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट सांगते. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात कलम २४ आहे. त्यानुसार न्यायालय असंच धरून चालतं की गरोदर बाईला तिच्या नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तपासणीला भाग पाडलं. उलट सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर. हे कलम लिहिणाऱ्यांना आपली ओसरी चांगली ठाऊक असावी.

महाराष्ट्रानं तर १९८८ मध्येच, देशाच्या आधी, असा कायदा केला होता. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्याच जिल्ह्यात ८९४ होत्या. २०१२ मध्ये परळीत एका बाईचा गर्भपातात मृत्यू झाला आणि सगळ्या राज्याचं लक्ष आमच्याकडे वळलं. त्या प्रकरणात डॉक्टरांना शिक्षा झाली. मला त्या वेळी सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. पेपरात डॉक्टरांची नावं होती, यंत्रांची चर्चा होती, पण वाटेत ती काय म्हणाली, हे कुणी विचारलं नाही.

आता मशीन पिशवीत मावतं आणि शेतातल्या खोलीत तपासणी होते असं कानावर येतं. असं काही दिसलं तर १०४ वर कळवा. आणि मुलगी झालीच तर पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डावर लेक लाडकी योजना आहे: १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मापासून १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये. अंगणवाडीत अर्ज मिळतो. पैशानं मन बदलत नाही हे खरं, पण "पोरीचा खर्च" म्हणणाऱ्याच्या समोर ठेवायला एक कागद मिळतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर खरंच जबरदस्ती होते का? त्या तर स्वतःहून येतात.

स्वतःहून येतात, हे खरं आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामाच्या मजुरीचे पैसे आधीच देतो. उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्याची असते, एकट्याची कधीच नसते. बाईनं काम थांबवलं तर कोयता मोडतो. एक दिवस कामावर जाता आलं नाही तर खाडा, म्हणजे मजुरी बुडते ती बुडते, वर दंड. पहाटे चारला अंधारात फडावर जायचं, वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. राहायला पाचटाची कोपी, न्हाणीघर नाही, पाणी लांब. दवाखाना कारखान्याच्या गावात, आणि तिथे जायचं म्हणजे पुन्हा खाडा. अशात कार्तिकात दिवस गेले तर तिला "पाड" म्हणायला कुणाची गरज आहे? मुकादम म्हणत नाही. नवराही म्हणत नाही. उचलीची वही म्हणते.

म्हणून तिला विचारलं तर ती "माझ्याच मर्जीनं" असं सांगते आणि खोटं बोलत नसते. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहापैकी एक. त्यांतल्या बहुतेकींच्या कागदावर त्यांचाच अंगठा असणार. पाळीचा खाडा नको, दुखणं नको, पुन्हा दिवस जायला नकोत. माझ्या वॉर्डात आलेल्या एकीला मी विचारलं होतं, "वय किती?" म्हणाली, "असंल पंचवीस." तिची पिशवी काढून वर्ष झालं होतं.

जी माणसं जीव वाचवायच्या गोष्टी करतात, त्यांनी आधी खाडा बंद करायला भांडावं असं मला वाटतं. आम्ही आमच्यापुरतं एवढं करतो: टोळी निघायच्या आधी गरोदर बायकांची यादी, आणि घरी राहता येईल अशा बाईची सोय लावायला तिच्या घरच्यांशी बोलणं. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, दुसरं बाळ मुलगी झाली तर ६,०००. गेल्या काही हंगामांत अशा थोड्या बायका गावात थांबल्या. त्यांतल्या एकीचा उचलीतला वाटा तिच्या दिरानं ऊस तोडून फेडला. त्यानं ते कुणाला सांगितलंही नाही, आम्हाला तिच्याकडून कळलं.

नवऱ्याला सरपंचकीला उभं राहायचंय. तिसरं ठेवलं तर अर्ज बाद होईल म्हणतात.

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीला अपात्र, असा नियम आपल्या राज्यात आहे. बाळाला जन्म घेऊ न देण्याचं कारण म्हणून मी हे कानांनी ऐकलं आहे, एकदा नव्हे. चांगल्या हेतूनं केलेला नियम बाईच्या पोटावर कसा येऊन पडतो, त्याचं हे उदाहरण. तुम्हाला ठेवायचं असेल तर कुणीही तुम्हाला थांबवू शकत नाही. खुर्ची त्यांची जाईल.

सोनोग्राफीत बाळात दोष सांगितलाय. डॉक्टर म्हणतात, ठेवून काय करणार?

आधी दोष कोणता ते कागदावर लिहून मागा आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या. काही दोष जन्मानंतर शस्त्रक्रियेनं दुरुस्त होतात, दुभंगलेला ओठ, काही हृदयदोष. काही होत नाहीत. २४ आठवड्यांनंतर गंभीर दोषासाठी गर्भपाताची परवानगी वैद्यकीय मंडळ देतं, पण परवानगी आहे याचा अर्थ केलाच पाहिजे असा होत नाही. बाळ ठेवायचं ठरवलं म्हणून कुणी तुम्हाला अडाणी म्हणू नये. बाळ थोडेच तास जगणार असेल तरी त्याला कुशीत घेऊन निरोप देण्याचा हक्क आईला आहे. असं एक बाळ माझ्या हातून जन्मलं. ते चाळीस मिनिटं होतं. त्याच्या आईनं ती चाळीस मिनिटं कुणालाही त्याला हात लावू दिला नाही.

मुलगी अल्पवयीन आहे, किंवा लग्न झालेलं नाही. घरच्यांनी ठरवलं तर चालत नाही का?

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं, म्हणून जपून लिहिते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला बाळंतपणाचा धोका मोठा असतो आणि तिच्यावर जे झालं ते तिनं ओढवून घेतलेलं नसतं. कायदा पालकांची संमती मागतो. पण २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पालकांचं आणि मुलीचं मत वेगळं असेल तर मुलीच्या मताला वजन द्यावं लागेल. तेव्हा तिला विचारा. एकटीला, बाईमाणसानं, घाई न करता.

बाळ जन्माला घालायचं पण वाढवणं शक्य नाही, असं असेल तर बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर देता येतं. नाव गुप्त राहतं आणि मन बदललं तर ६० दिवसांच्या आत परत घेता येतं. उकिरड्यावर, मंदिराच्या पायरीवर ठेवू नका. तसं सापडलेलं एक बाळ मी न्हाऊ घातलं आहे, मुंग्या लागलेलं.

इच्छामरण कायद्यात बसतं का?

इंजेक्शन देऊन जीव घेणं बसत नाही. तो गुन्हा आहे आणि तसाच राहावा असं मला वाटतं. कृत्रिम उपचार थांबवणं मात्र ठरावीक पद्धतीनं करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. शुद्धीत असताना कुणीही आधीच लिहून ठेवू शकतो, की मी बरा होणारच नसेन तर मला यंत्रावर ठेवू नका. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतात. वेळ आल्यावर रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात.

असा कागद करायला माझा विरोध नाही. मी स्वतःही केला आहे. पण तो कुणी आणला ते बघा. म्हाताऱ्यानं स्वतः मागवला तर ठीक. सातबाऱ्याच्या कागदांबरोबर मुलानं आणला असेल तर डॉक्टरांनी आणि नोटरीनं थांबून विचारायला हवं.

अरुणा शानबाग यांचं नाव इथे घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्या आमच्या पेशाच्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. त्यांचं खाणं थांबवावं अशी याचिका झाली तेव्हा केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही त्यांना सांभाळतो. २०११ मध्ये न्यायालयानं ती याचिका नाकारली. १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या हाती त्यांना सोपवलं. अंथरुणावरच्या माणसाला जखम होऊ न देणं म्हणजे काय कष्ट असतात, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं.

आम्ही व्हेंटिलेटर काढायला सांगून वडिलांना घरी आणलं. आम्ही मारलं का त्यांना?

नाही. शरीर थकून मिटत चाललं असेल आणि यंत्र फक्त मरण लांबवत असेल, तर ते काढणं म्हणजे जीव घेणं नव्हे. मारलं आजारानं. आपल्याकडे "घरी न्या" असं सांगतात आणि माणसं रिक्षात, जीपमध्ये घालून आणतात, कारण प्राण घरात जावा ही म्हाताऱ्यांची स्वतःची इच्छा असते. त्यात पाप नाही. पैसे संपले म्हणून आणलं असेल तरीही नाही. ती लाज तुमच्या वाट्याला येऊ नये.

मी विरोध करते तो वेगळ्या गोष्टीला: बरा होणारा माणूस केवळ म्हातारा आहे म्हणून सोडून देणं. मांडीचं हाड मोडलेली सत्तर वर्षांची बाई योग्य वेळी शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा चालू शकते. तिला "आता वय झालं" म्हणून खाटेवर टाकली तर ती पाठीच्या जखमांनी मरते. असं होताना मी बघितलं आहे, आणि त्या घरात सगळे म्हणत होते, आजीनंच नको म्हटलं.

आजी रोज म्हणते, "देवानं आता न्यावं." ती मनापासूनच म्हणत असेल ना?

बसा तिच्याजवळ आणि विचारा, "काय दुखतंय?" मी हा प्रश्न शेकडो वेळा विचारला आहे. उत्तरं अशी येतात: कंबर. संडासला तीन दिवस झालं नाही. सून धुताना नाक मुरडते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून पोथी वाचता येत नाही. नातवाच्या फीचे पैसे माझ्या गोळ्यांत चाललेत. यांतल्या निम्म्या गोष्टींवर इलाज आहे. बद्धकोष्ठाचं औषध स्वस्त असतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते. झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू येतं, तर ते नैराश्य असू शकतं आणि म्हातारपणीही ते औषधानं हटतं. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक मराठीत बोलतात. एवढं सगळं करूनही ती म्हणाली की पुरे झालं आता, तर ते तिचं बोलणं. ते ऐकून घ्या, हात धरा, वाद घालू नका.

कॅन्सरचं दुखणं सहन होत नाही. मॉर्फिननं माणूस लवकर जातो म्हणतात, म्हणून डॉक्टर देत नाहीत.

बरोबर मात्रेत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलं तर जात नाही. दुखणं थांबतं, झोप लागते, माणूस दोन घास खातो आणि घरच्यांशी बोलतो. वेदनेसाठी घेणाऱ्याला त्याचं व्यसन लागेल ही भीतीही फार वाढवून सांगितली जाते. बद्धकोष्ठ मात्र होतं, त्यासाठी सोबत औषध हवंच. गोळ्या महाग नाहीत. अडचण परवान्याची होती, आणि २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी आपल्या भागात ते मिळवायला लांब जावं लागतं. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आणि आपल्या जिल्हा रुग्णालयात वेदनाशमनाच्या सोयीची चौकशी करा. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी मोफत शुश्रूषा केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन. बीडहून वांद्रे किती लांब आहे हे मला सांगायला नको.

मरण मागणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांपैकी कितीजण दुखणं थांबल्यावर ते मागणं सोडून देतात, हे ज्यानं एकदा बघितलं तो इच्छामरणाच्या चर्चेत आधी मॉर्फिनचं बोलतो.

त्यांनी खाणं-पिणं सोडलंय. नळी घालावी का? विनोबांनीही अन्नपाणी सोडलं होतं ना?

विनोबा भावे ८७ वर्षांचे होते, आजारी होते, पूर्ण भानावर होते, आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला गेले. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि भोवती सांभाळणारी माणसं होती. त्यांचं उदाहरण देऊन दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढता येत नाही.

शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. शरीर अन्न घेईनासं होतं. तेव्हा बळजबरीनं भरवलं तर ठसका लागतो, घास फुप्फुसात जातो. नळीचं डॉक्टरांना विचारा, दर वेळी तिचा उपयोग होतोच असं नाही. पण खाता येतं, मागतोय, आणि भरवायला कुणाला वेळ नाही, हे निराळं. पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. ओठ कोरडे पडले की ओल्या कापसानं टिपा, दर तासाला. शेवटपर्यंत.

बेशुद्ध माणसाचा अंगठा घेतला तर?

बेकायदा. तसं झालं असेल तर पोलिसांत जा. जमीन नावावर करून घेऊन आई-बापाला टाकलं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे निर्वाह खर्चासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन रद्द करून मागता येते, मात्र ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

ज्या सासूनं माझं पोट खाली करायला लावलं, तीच आता अंथरुणावर पडलीय. मी तिचं का करावं?

हा प्रश्न विचारणारी बाई साठीची होती. बैठकीत ती बेडसोरबद्दल, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांबद्दल, विचारायला आली होती. कूस किती वेळानं बदलायची, पावडर कुठली लावायची. मी सांगितलं, दोन-दोन तासांनी. तिनं मान हलवली, उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन हे विचारलं. दोन मुलींनंतरचं तिसरं होतं. पाचवा महिना. सासूनं हाताला धरून नेलं होतं.

मी तिला माफ करा असं म्हणाले नाही. ते सांगण्याचा अधिकार मला नाही. एवढंच म्हणाले, की करणं तुमच्या एकटीवर नाही. कायद्यानंही आई सांभाळायची जबाबदारी मुलांवर येते, म्हणजे तुमच्या नवऱ्यावर आणि दिरांवर. रात्रीची पाळी त्यांना द्या. ज्या दिवशी हातात राग उतरलाय असं वाटेल, त्या दिवशी तिला हात लावू नका, दुसऱ्याला बोलवा, पण पाणी आणि औषध चुकवू नका. आणि म्हातारीला अजून बोलता येत असेल, तर तुमच्या मनातलं तिला एकदा सांगून टाका. ती काय उत्तर देईल ते मला माहीत नाही.

महिन्यानं ती पुन्हा आली. म्हणाली, "बोलले मी तिला." मग बराच वेळ गप्प. "म्हणली, मला पण नेलं होतं माझ्या सासूनं."